कळंबा कारागृहात भावाला भेटायला जायचे आहे. कृपया नियम सांगावेत

प्रश्न (गडहिंग्लजकर): माझ्या धाकट्या भावाला न्यायालयीन कोठडी मिळाल्यापासून तो कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात आहे. आई अडुसष्ट वर्षांची असून तिला त्याच्यासाठी दशम्या बांधून न्यायच्या आहेत. नऊ वर्षांचा भाचाही बाबांना भेटण्याचा हट्ट धरून बसला आहे. आम्ही कोणीच यापूर्वी कारागृहाची पायरी चढलेली नाही, तेव्हा काय न्यावे आणि काय नेऊ नये?

उत्तर १ (संभाजीनगरची वहिनी): ताई, माझे यजमान तिथे होते तेव्हा मी नियमित जात असे. सर्वांत आधी ई-मुलाकात या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि वेळ निश्चित झाल्याशिवाय गडहिंग्लजहून निघू नका, कारण न्यायाधीन (खटला चालू असलेले) आणि शिक्षाबंदी (शिक्षा झालेले) यांचे भेटीचे वेळापत्रक वेगळे असते. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही. दशम्या आत घेतल्या जातील असे धरून चालू नका; त्याऐवजी त्याच्या नावे मनीऑर्डर करा, म्हणजे त्याच्या खात्यावर पैसे जमा होऊन त्याला कॅन्टीनमधून वस्तू घेता येतील. (अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू ज्या कारागृहात वळले गेले तिथे आईच्या दशमीला मज्जाव, याचे मलाही फार वाईट वाटले होते.)

भेटीची मिनिटे रडण्यात जातात. पहिल्या भेटीत आमची सगळी वेळ तशीच गेली आणि वकीलपत्रावरच्या सहीचे विचारायचे राहूनच गेले. तेव्हापासून मी मुद्दे पाठ करून जात असे.

उत्तर २ (एक वकील): अंगझडतीचा अपमान वाटून घेऊ नये, पण ती कशी व्हावी हेही ठाऊक असावे. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 41 मध्ये संशय आल्यास अभ्यागताची झडती घेण्याची मुभा होती. मात्र ती कैद्यासमोर किंवा दुसऱ्या अभ्यागतासमोर घेऊ नये, असेही त्यातच म्हटले होते. झडतीस नकार दिल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कुटुंबीयांची भेट ही केवळ मेहेरबानी नव्हे. फ्रान्सिस कोरॅली मुलिन प्रकरणात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडली. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

उत्तर ३ (संभाजीनगरची वहिनी): भाच्याबद्दल लिहायचे राहिले. काचेपलीकडून बाबा दिसतात पण हात लावता येत नाही, हे माझ्या मुलाला उमगायला वेळ लागला. राज्यातील कारागृहांत सोळा वर्षांखालील मुलांसाठी ‘गळाभेट’ हा उपक्रम अधूनमधून होतो. त्याची चौकशी भेटीच्या दिवशी तिथेच करा आणि शक्य असेल तर त्याची पहिली भेट तीच होऊ द्या.

गडहिंग्लजकर: मनापासून आभार. यावेळी आई आणि मी दोघीच जाऊ. दशम्यांचे तिला कसे सांगायचे, ते अजून सुचलेले नाही.