मदत हवी आहे: टीटी (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) सायकलला एअरो चाकं, म्हणजे हवा कापणारी खोल रिमची. किनाऱ्याच्या वाऱ्यात पुढचं चाक किती खोल घ्यावं?

खाडीकाठ:
सराव रत्नागिरी–भाट्ये–गोळप–पावस या रस्त्यावर. लक्ष्य दोन: ४० किमीची टीटी आणि नंतर गोव्याची ७०.३ ट्रायथलॉन, म्हणजे सायकलचे ९० किमी. सायकल रिम ब्रेकची (ब्रेक रिमच्या कडेवर दाबतो अशी), गिअर ११ स्पीड, वजन ६८ किलो, सपाटीवर वेग ताशी ३५–३६ किमी. फ्रेममध्ये २५ मिमीचा टायर जेमतेम बसतो. जुन्या बाजारात पुढे-मागे ८० मिमी खोल रिमची जोडी मिळते आहे, शिवाय ६० पुढे आणि ८० मागे असाही पर्याय आहे. भाट्ये पुलावर दुपारी ८० झेपेल का? मागे डिस्क (तारांऐवजी पूर्ण बंद चाक) घेणं शहाणपणाचं आहे का?

सड्यावरचा वारा:
पुढचं आणि मागचं चाक हे दोन वेगळे निर्णय आहेत. जोडी म्हणून विचार केलात की तिथेच गणित चुकतं.

आधी वाऱ्याचा कोन बघा. तुमचा वेग ३६ आणि बरोबर आडवा वारा ताशी १० किमी असेल तर चाकाला वारा साधारण १५ अंशांनी लागतो. वारा २० झाला की २९ अंश. वेग २८ वर उतरला तर १० च्या वाऱ्यातही कोन २० च्या आसपास जातो. म्हणजे दमल्यावर तोच वारा चाकाला जास्त तिरका लागतो, हे मनाचे खेळ नाहीत. हवामान खात्याचा आकडा १० मीटर उंचीवरचा असतो, सायकलच्या उंचीला वारा त्याहून कमी, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे रस्ता समुद्राला समांतर आणि दुपारचा खारा वारा समुद्रावरून, त्यामुळे तो आडवाच येतो. पहाटेचा मतलई वारा उलट बाजूने पण मंद असतो. पहाटे चाक आवडलं म्हणून विकत घेऊ नका, दुपारी तीनला पुलावर चालवून बघा. सुरूच्या बनाच्या आडोशातून उघड्यावर आलात की वारा एकदम आदळतो. घात स्थिर वाऱ्याने होत नाही, या अचानक बदलाने होतो. कोन एका मर्यादेपलीकडे गेला की रिमला धरून वाहणारा वारा तिच्यापासून सुटतो, बाजूचा जोर झटक्यात बदलतो आणि हँडल ओढलं जातं.

म्हणून पुढे ६०, फार तर ६५. ८० मिमीने जे काही वॅट वाचतील, ते एअरो बार (खाली वाकून धरायच्या पुढच्या दांड्या) सोडून बेस बार (बाजूचं रुंद हँडल) धरलात की क्षणात जातात. जे चाक लावून तुम्ही ९० किमी खाली वाकून राहू शकता, तेच तुमचं वेगवान चाक. आणि ६० असलं तरी जुनं, अरुंद, टोकदार व्ही आकाराचं नको. रुंद, गोलसर यू आकार आडव्या वाऱ्यात फार समजूतदार वागतो.

मागे मात्र हात आखडू नका. मागचं चाक वळत नाही, वजनही त्याच्यावर जास्त असतं, म्हणून तिथे ८० किंवा डिस्क चालते. हवाई बेटांवर कोना या गावच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये वाऱ्यामुळे मागच्या डिस्कवरही बंदी ठेवली गेली, पण तो अपवाद.

निपल आणि तारा:
वरच्या मताशी सहमत. पण पैसे देण्याआधी मापं घ्या, रिम ब्रेकवाल्यांचं इथेच फसतं.

टायर फुगवून व्हर्नियरने मोजा. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीच्या किमान १०५ टक्के हवी, नाहीतर टायरवरून आलेली हवा रिमला धरून राहत नाही. २५ चा टायर आतून १९ मिमी रिमवर फुगून २६.५ झाला तर रिम २८ लागते, आणि टीटी फ्रेममधले लपवलेले कॅलिपर (ब्रेकचे चिमटे) तेवढे उघडतातच असं नाही. अशा वेळी पुढे २३ चा टायर लावा. तो २४.५ भरला तर पावणेसव्वीस मिमीची रिम पुरते. मागे २५ राहू दे, फ्रेमपासून दोन्हीकडे ३–४ मिमी मोकळे हवेत.

जुनी चाकं १० स्पीडची असतील तर शिमानोची ११ स्पीड रोड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) त्यावर बसत नाही. तिला लागणारी फ्रीहब बॉडी (चाकाच्या मध्यावरचा, कॅसेट बसते तो भाग) १० स्पीडपेक्षा १.८५ मिमी लांब असते. विक्रेत्याला हा प्रश्न पहिला विचारा.

कोकणात पूर्ण कार्बनची ब्रेक पट्टी (ब्रेक धरतो ती रिमची कड) मी सुचवणार नाही. पावसात ती उशिरा धरते, आणि गोळपवरून भाट्याकडे उतरताना सतत ब्रेक दाबला तर तापते. ॲल्युमिनियमची पट्टी आणि वर कार्बनचं कवच अशी रिम (हेड जेट किंवा फ्लो ६० या जातीची) थोडी जड, पण इथे तीच योग्य. कार्बनच घेतलीत तर ब्रेक पॅड कार्बनचेच. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड लावले की त्यात रुतलेले धातूचे कण पट्टी खरवडतात. लॅटेक्स ट्यूबही नको, उष्णतेने फुटते. ब्यूटिल वापरा.

खाडीकाठ:
मग पुढे ६० ठरलं. मागे पूर्ण डिस्कऐवजी साध्या चाकावर डिस्क कव्हर चालेल?

निपल आणि तारा:
ट्रायथलॉनला चालतं. यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) नियमांच्या टीटीला वरून चढवलेलं कव्हर चालत नाही, तिथे खरी डिस्क किंवा खोल रिमच. तुमच्या दोन्ही शर्यतींसाठी एकच मागचं चाक हवं असेल तर ८० घ्या. कव्हर घ्यायचंच तर चेनस्टेजवळ (मागच्या चाकालगतची फ्रेमची आडवी नळी) मोजा: कव्हर आणि फ्रेम यांत ३ मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर जोर लावताना घासणार.

६० च्या रिमला ८० मिमी व्हॉल्व्हची ट्यूब घ्या. एक्स्टेंडर (व्हॉल्व्ह लांबवणारी नळी) लावायचा झाला तर व्हॉल्व्हचा कोअर (आतला गाभा) काढून मध्ये बसणारा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून. नाहीतर रात्रीत हवा जाते आणि दोष ट्यूबवर जातो. सुरुवातीचा दाब पुढे ८०, मागे ८५ पीएसआय. रस्ता खडबडीत असेल तर ५ ने कमी करा.

सड्यावरचा वारा:
जुनं चाक बघताना रिमटेप उचलून निपल (तार रिमला घट्ट धरणारं छोटं नट) तपासाच. कार्बनजवळचं ॲल्युमिनियमचं निपल खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरतं आणि एक दिवस तार ओढताना डोकंच तुटतं. पितळेची निपल असतील तर दोनशे रुपये जास्त द्या. फिरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा, प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका. आणि हो, रत्नागिरीच्या उन्हात बंद गाडीत चाकं ठेवायची झाली तर आधी हवा कमी करा.