एजंटाच्या हाती टर्मिनल द्यावं का? (नो-कोडवाल्यांसाठी, म्हणजे कोड न लिहिता कामं जोडणाऱ्यांसाठी धागा)

मिरजेचा_तंबोरा

वहिनींचा दिवाळी फराळाचा घरगुती धंदा आहे. ऑर्डरी गूगल फॉर्मवर येतात. पुढचं सगळं, म्हणजे शीटमध्ये नोंद, वजनावरून कुरिअरचा खर्च, स्वयंपाकघराच्या टेलिग्राम ग्रुपवर निरोप, गिऱ्हाइकाला मेल, हे एन-एट-एनवर (डबे रेषांनी जोडून कामं आपोआप करून घ्यायचं सॉफ्टवेअर) चालतं. भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यात डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय). मी जोडून दिलं तेव्हा या साखळीत, म्हणजे फ्लोमध्ये, चौदा डबे होते. आता एकेचाळीस आहेत आणि स्क्रीनवर शेवया सांडल्यासारख्या रेषा दिसतात.

गेल्या महिन्यात मी क्लॉड कोडला, म्हणजे टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) चालणाऱ्या एआय एजंटाला, थेट त्या सर्व्हरवर बसवलं. एन-एट-एनच्या स्वतःच्या कमांड आहेतच. 'एक्स्पोर्ट:वर्कफ्लो' म्हटलं की अख्खा फ्लो जेसन (साध्या मजकुराची) फाइल होऊन बाहेर येतो, 'इम्पोर्ट:वर्कफ्लो' म्हटलं की परत आत जातो. एजंट फाइल वाचतो, बदल करतो, मी गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारं साधन) डिफ, म्हणजे काय बदललं ते, बघतो, पटला तर आत ढकलतो. "परदेशी पार्सल दोन किलोच्या वर गेलं तर वेगळा दर" हे माउसने करायचं तर माझा रविवार गेला असता. इथे पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची.

माझं म्हणणं असं, की डबे आणि रेषा माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत. एजंटाला स्क्रीन दाखवून "इथे क्लिक कर" सांगणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. एमसीपी (एजंटाला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत) हा नोव्हेंबर २०२४ पासूनचा मार्ग आहे, तो वाईट नाही, पण तिथे बऱ्याचदा सगळ्या टूलांची वर्णनं आधीच एजंटाच्या पुढ्यात ओतली जातात आणि काम सुरू व्हायच्या आत टोकन (एजंट वाचतो ते मजकुराचे तुकडे) जळतात. कमांडला 'हेल्प' विचारली की हवं तेवढंच वाचून होतं. शिवाय एका कमांडचं तोंड दुसरीच्या कानाला लावायची सोय युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. ही मॉडेलं असल्याच मजकुरावर वाढली आहेत, टर्मिनल त्यांचं माहेर आहे.

तर नो-कोडवाल्यांनी टर्मिनलला घाबरणं आता सोडावं. बोला.

खडूस_टेस्टर

बोलतो. तुझा एजंट त्या कंटेनरमध्ये शिरतो ना? मग 'एक्स्पोर्ट:क्रेडेन्शियल्स' त्यालाही चालवता येतं. पुढे 'डिक्रिप्टेड' जोडलं की गूगलची, टेलिग्रामची, मेलची, सगळी गुपितं (पासवर्ड, किल्ल्या) साध्या अक्षरांत फाइलमध्ये. ही काही चोरवाट नाही, सर्व्हर बदलताना लागते म्हणून दिलेली अधिकृत सोय आहे. पण सर्व्हर बदलणारा तू होतास तोवर ठीक होतं.

आता पुढचं. फॉर्ममध्ये 'काही खास सूचना' असा रकाना असेलच. लोक तिथे "चिवड्यात खोबरं नको" लिहितात. उद्या एखादी ऑर्डर अडकली, तू एजंटाला म्हणालास "बघ काय झालंय", आणि त्या रकान्यात कुणी खोबऱ्याऐवजी एजंटासाठीच हुकूम लिहून ठेवला असेल तर? प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी जून २०२५ मध्ये यावर बोट ठेवलं होतं: खासगी माहिती, परक्या माणसाचा मजकूर आणि बाहेर निरोप धाडायची सोय, या तीन गोष्टी एका एजंटाच्या हाती आल्या की चोरीला वाट मिळते. तुझ्याकडे तिन्ही आहेत, वर टर्मिनल बोनस.

मिरजेचा_तंबोरा

ती कमांड मनाईच्या यादीत टाकली आहे रे. एवढा दूधखुळा नाही मी.

खडूस_टेस्टर

मनाईची यादी म्हणजे दारावर "चोरांस प्रवेश नाही" अशी पाटी. शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) दिलं की तीच गोष्ट दहा तऱ्हांनी लिहिता येते. कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालायची आणि स्क्रिप्ट चालवायची, झालं. एजंट दुष्ट असायची गरज नाही, नुसता कामसू असला तरी पुरे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या कंपनीच्या एजंटाने उद्योजक जेसन लेमकिन यांचा चालू डेटाबेस पुसला, आणि तेही "आता काही बदलू नकोस" असं बजावून ठेवलेलं असताना. वर सांगितलं की डेटा परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात आला. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. तुझ्याकडे माफी कोण मागणार, डॉकर?

आमसुलाची_आमटी

मी कॉमर्सवाली, कोडचं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे कमांडांबद्दल बोलणार नाही. पण माझी गोष्ट ऐका.

माझ्या शिकवण्या आहेत. फीची आठवण, गैरहजेरीचा निरोप, चाचणीचे गुण पालकांना, हा सगळा फ्लो मी स्वतः डबे ओढून बांधला. दोन महिने लागले. प्रत्येक डब्याला मराठीत नाव दिलं होतं: 'फी आली का', 'आईला कळव', 'बाबांना कळव'. मग नवऱ्याच्या मित्राने हौसेने एजंट लावून "सुटसुटीत" करून दिला. सव्वीस डब्यांचे सहा झाले. दिसायला फार देखणा! फक्त त्या सहातला एक डबा 'कोड' नावाचा, आणि आत जावास्क्रिप्टच्या दोनशे ओळी. आता फीची तारीख दहाची पंधरा करायची तरी मला त्या मित्राला फोन करावा लागतो, आणि तो "रात्री बघतो वहिनी" म्हणतो.

तुमच्या एजंटाला डबे दिसत नाहीत, फाइल दिसते. फाइलवाल्याला दोनशे ओळी एका जागी बऱ्या वाटणारच. मग ते नो-कोड कुठे राहिलं? बाहेरून डबा, आत कोड. माझ्याच घराला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

अर्धा_लिटर_डिझेल

एकेचाळीस डबे! अहो, ऐंशी ओळींचं पायथन आणि एक क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय), विषय संपला.

आमसुलाची_आमटी

आणि तुम्ही गावाला गेलात की वहिनींनी एका हातात झारा धरून क्रॉन बघायचा का?

रात्रपाळी

आमच्याकडे ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं पॉवर प्लॅटफॉर्म (फारसा कोड न लिहिता ॲप बांधायचं साधन) आहे. तिथे 'पॅक' म्हणून कमांड आहे. सोल्यूशन, म्हणजे बांधलेल्या कामाचा गठ्ठा, एक्स्पोर्ट करायचं, सुटं करून गिटमध्ये ठेवायचं, बदल करून परत बांधायचं. एजंट हे झकास करतो. पण तो फक्त डेव्हलपमेंटच्या, म्हणजे प्रयोगाच्या जागेत. प्रॉडक्शनला, म्हणजे खरं काम चालतं तिथे, त्याचा हात पोचतच नाही, तिथलं लॉगिन वेगळं. राव, तुमचं भांडण एजंटाशी नाहीये, एकाच सर्व्हरवर प्रयोगही आणि धंदाही चालवता, तिथे गोची आहे.

एन-एट-एनवाल्यांसाठी जाता जाता: इम्पोर्ट केलेला फ्लो बंद अवस्थेत आत येतो. कमांडने चालू केला तरी सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत लागू होत नाही. टर्मिनलवर सगळं आलबेल दिसतं आणि इकडे ऑर्डरी फॉर्ममध्ये पडून राहतात. आमच्या एका दोस्ताची त्यात आख्खी दुपार गेली.

मिरजेचा_तंबोरा

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट मूळ लेखात लिहिली नव्हती, आता लिहितोच.

गुरुवारी मी फ्लो बाहेर काढला. एजंटाने कुरिअरच्या दराचं काम केलं, पण डिफ बघायला मला सोमवार उजाडला. मधल्या शनिवारी वहिनींनी ब्राउझरमध्ये स्वतः चकलीचा दर ४८० चा ५४० केला होता, तेल महागलं म्हणून. सोमवारी मी गुरुवारची फाइल आत ढकलली. आयडी तोच असला की इम्पोर्ट जुन्यावर नवं लिहून मोकळं होतं, विचारत नाही. कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. नऊ गिऱ्हाइकांना जुन्या दराची मेल गेली. वहिनींनी ते दर पाळले. मला काही बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी चहाबरोबर चकली आली नाही.

यात एजंटाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. टेस्टर, तू किल्ल्यांची भीती घालतोस ती खरी आहे, पण मला फटका बसला तो वेगळ्याच जागी. एकाच फ्लोवर दोन हात चालत होते, एक ब्राउझरमधून, एक फाइलमधून, आणि मूळ प्रत कोणती हे कुणी ठरवलंच नव्हतं. गिट बघावं तर त्यातही गंमत. वहिनींनी नुसता डबा उजवीकडे सरकवला तरी त्याच्या जागेचे आकडे बदलतात आणि डिफ लालहिरवा होतो. त्या गर्दीत खरा बदल शोधणं म्हणजे तांदळातले खडे.

आता असं केलंय: एजंट माझ्या लॅपटॉपवर, त्याच्याकडे फक्त फाइल. आत ढकलण्याच्या आधी मी ताजी प्रत काढून ताडून बघतो. ढकलणं माझ्या हाताने. एजंटाच्या सूचनांच्या फाइलमध्ये "कोडचा डबा वापरायचा नाही, डब्यांची नावं बदलायची नाहीत" ही ओळ आमटीताईंच्या कृपेने आजच टाकली. आणि सगळे दर गूगल शीटमध्ये हलवले, वहिनी तिथे बदलतील.

खडूस_टेस्टर

म्हणजे टर्मिनल काढून घेतलंस. धाग्याचं नाव बदल.

मिरजेचा_तंबोरा

सर्व्हरवरचं काढलं. लॅपटॉपवर आहेच की! स्क्रीनवर क्लिक करत बसण्यापेक्षा फाइल बरी, हे मी अजूनही म्हणतो.

आमसुलाची_आमटी

कोडच्या डब्याबद्दल आभार. पण दर शीटमध्ये गेले म्हणजे वहिनींना फ्लोच्या बाहेर काढलंत. आधी त्या मालकीण होत्या, आता आकडे भरणाऱ्या झाल्या. त्यांना विचारलंत का?

मिरजेचा_तंबोरा

तुमचं वाचून आत्ता विचारलं. म्हणाल्या, "शीट सोपी आहे. पण तो मोठा नकाशा मी उघडणारच. ऑर्डर कुठे अडकली ते लाल डब्यावरून कळतं, तुला फोन लावावा लागत नाही." आणि "माझी नावं कुणी बदलली तर बघ" हेही. 'पुण्याची मावशी' नावाचा एक डबा आहे, तो नक्की काय करतो हे मलाही माहीत नव्हतं. मावशींना कुरिअर फुकट.

अर्धा_लिटर_डिझेल

बाकी राहू द्या. चकली सध्या ५४० च ना? एक किलो कोथरूडला पाठवाल का?

मिरजेचा_तंबोरा

फॉर्म भरा. सूचनांच्या रकान्यात काही लिहू नका.