मदत हवी आहे: वाई-मेणवली-धोम भागात आईला झेपतील अशा पायी वाटा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई, मी आणि माझा चौथीतला मुलगा असे तिघं वाईला मुक्कामाला जातोय. आईचं आजोळ वाईच्या बाजूचं. लहानपणी सुट्टी लागली की ती तिथेच असायची. पुढे लग्न होऊन नागपूरला गेली आणि जाणं जवळजवळ थांबलंच. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. वाट सपाट असेल आणि मधे टेकायला पार किंवा कट्टा मिळाला तर दोन-तीन किलोमीटर ती आरामात चालते. चढ आणि उंच पायऱ्या मात्र नकोत. त्यामुळे पांडवगड, वैराटगड, कमळगड बाद. ते खालूनच बघू.

तिची अट एकच आहे. 'गाडीतून देवळं दाखवत फिरवू नकोस, मला नदीकाठानं चालायचंय.'

मला हा प्रवास नीट व्हायला हवा आहे. आईजवळ गोष्टी खूप आहेत. वाई म्हणजे विराटनगरी, पांडव अज्ञातवासात इथेच राहिले, भीमानं कीचकाला इथेच मारलं, हे सगळं ती अशी सांगते की शेजारच्या गल्लीत परवा घडलं असावं. मुलगा हल्ली प्रत्येक गोष्टीला 'पण हे खरं आहे का?' असं विचारतो. दोघांपैकी कोणाचाही हिरमोड न करता दंतकथा आणि इतिहास दोन्ही वाटेवर उलगडता यावेत, अशी इच्छा आहे.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी: ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट, धोमला नृसिंहाचं देऊळ. यापुढे माझी गाडी अडते.

वाईहून मेणवलीला पायी जाणं आईला जमण्यासारखं आहे का? वाईतले घाट कोणत्या वेळी बघावेत? विराटनगरीचं मुलाला काय सांगावं? आणि अर्ध्या दिवसात होईल असं याच पट्ट्यात अजून एखादं सपाट, गोष्ट असलेलं ठिकाण आहे का? तिथले लोक काय सांगतात तेही लिहिलंत तर फार बरं होईल.

घाटावरचा:

ताई, वाईकर आहे म्हणून आधी लिहितो. सकाळी उन्हं कोवळी असताना गणपती आळीतून सुरुवात करा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड असे प्रत्येक आळीचे घाट आहेत. सगळे एका दमात करायचा हट्ट नको. मधल्या दोन-तीन घाटांवर निवांत बसलात तरी पुष्कळ. पायऱ्या दगडी आहेत आणि धरायला कठडा नाही. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा आईंना वरच्या टप्प्यावरच बसवा. नदी तिथूनही छान दिसते.

काशीविश्वेश्वराच्या देवळात नंदी जवळून बघा. काळ्या दगडाचा आहे. गळ्यातली घंटांची माळ आणि पाठीवरची झूल इतकी बारकाईनं कोरली आहे की मुलगा हात लावल्याशिवाय राहायचा नाही.

आईंना कृष्णाबाईचा उत्सव नक्की आठवत असेल, विचारा. हिवाळा सरता सरता सुरू होतो आणि आळीपाळीनं प्रत्येक घाटावर होतो. मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. गावात असं सांगतात की अफजलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा महाराजांना यश यावं म्हणून इथल्या शेंडेशास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला. नवसाची गोष्ट परंपरेची. पण खानाकडे वाईचा सुभा होता, १६५९ साली तो इथे होता आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली मारला गेला, हा इतिहास आहे. मुलाच्या 'खरं का'ला इथे चांगलं उत्तर मिळेल.

मेणवली रस्त्यानं तीनेक किलोमीटर आहे. वाट सपाट आहे, पण डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतात आणि रस्ता अरुंद. आईंना घेऊन त्या रस्त्याच्या कडेनं चालावं असं मी सांगणार नाही. रिक्षानं मेणवलीपर्यंत जा आणि गावात चाला. आळीतून वाड्यापर्यंत, वाडा बघून मागच्या बाजूनं घाटावर. चालणं बेताचं होतं आणि सगळं बघून होतं.

मोडीवाला:

मेणवलीबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे लोक घाटावर फोटो काढून परततात आणि घंटा बघायची राहते.

मेणवली गाव औंधच्या पंतप्रतिनिधींकडून १७६८ साली नानांना मिळालं. वाडा चौकांचा आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. नानांची कागदपत्रं इथेच राहिली, ती मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांना माहीत आहेत. उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना या दप्तराशिवाय पुढे जाता येत नाही. वाडा खासगी मालकीचा आहे आणि कधी कधी चित्रीकरणासाठी बंद असतो. आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी.

मागे उतरलात की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि त्यावर मेणेश्वर आणि विष्णू अशी दोन देवळं. मेणेश्वराजवळ एका छोट्या घुमटीत मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि कडेवर बाळ घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यांतली ही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही पोर्तुगीजच आहे, तिच्यावर १७२१ आहे. मुलाला काही न सांगता घंटेपाशी उभं करा आणि साल आणि आकृती त्याला स्वतः शोधू द्या. शंकराच्या दारी मेरी कशी आली, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडेल. मग वसईची लढाई सांगा, तो ऐकत राहील.

धोमला नृसिंहाच्या देवळासमोरून महादेवाच्या देवळात जा. तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात आहे. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहतंय असं वाटतं. असा नंदी मी दुसरीकडे पाहिलेला नाही. धौम्य ऋषींचं स्थान म्हणून धोम, असं गाव मानतं. धौम्य म्हणजे पांडवांचे पुरोहित, तेव्हा आईंची गोष्ट इथे आपोआप पुढे जाईल. वर धोम धरणाची भिंत आहे, पण त्यासाठी वेगळं चालू नका.

विराटनगरीचं असं आहे. महाभारतातला विराट मत्स्य देशाचा राजा, आणि त्याची राजधानी अभ्यासक राजस्थानातल्या बैराटला मानतात. कर्नाटकात हानगललाही तिथले लोक विराटनगरी म्हणतात. वाईत पांडवगड आणि वैराटगड ही नावं त्याच कथेनं दिली. गड मात्र शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचे. मी मुलांना असं सांगतो: भोजानं गड बांधला हा इतिहास, आणि लोकांनी इतकी शतकं त्यात पांडव पाहिले हाही इतिहासच. मुलांना हे पटतं. आईंना तर पटेलच.

धागाकर्ती:

घाटावरचा, मोडीवाला, दोघांचेही मनापासून आभार. ट्रॉल्यांचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. आईला उत्सवाबद्दल विचारलं आणि पुढचा अर्धा तास ती मांडवात बसून बोलत होती. पंगतीत वाढपी कोण असायचं इथपर्यंत आठवलं.

बोलता बोलता तिनं एका वडाची आठवण काढली. आजोबांबरोबर बैलगाडीतून गेली होती, गडाच्या पायथ्याला, आणि 'तो वड एवढा होता की आत शिरलं की बाहेरचं गाव दिसायचं नाही' असं म्हणते. नाव आठवत नाही. हा कुठला असावा? अजून उभा आहे का?

सातारी माती:

हा वडाचं म्हसवं! दुसरा असूच शकत नाही. वैराटगडाच्या पायथ्याला, पाचवडपासून जवळ, तालुका जावळी. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे, कारण इथे चालायचं म्हणजे झाडातच चालायचं. जमीन सपाट, डोक्यावर सावली, बसायला पारंब्यांची मुळं.

१८८२ साली याची मोजणी झाली होती, तेव्हा विस्ताराचा घेर १,५८७ फूट भरला. साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. मूळ खोड आता नाही. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचेच बुंधे झाले आणि झाड बाहेरच्या बाजूला पसरत गेलं. त्यामुळे मधे मोकळं आणि भोवती वडच वड, असं दिसतं. मुलाला विचारा, यातलं 'पहिलं' झाड कुठलं? उत्तर शोधत तो तासभर फिरेल आणि तुम्ही आईंबरोबर निवांत बसाल. एकच विनंती: पारंब्यांना लोंबकळू देऊ नका. कोवळी पारंबी तुटली की एक होऊ घातलेला बुंधा जातो.

येताना हायवेवरून लिंबला वळा आणि बारामोटेची विहीर बघा. नाव बारामोटेची, पण मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. अष्टकोनी विहीर, तिला जोडून लांबट भाग, आणि मधल्या पुलावर छोटासा महालच बांधला आहे. आत उतरायला पायऱ्या आहेत, त्या आईंनी टाळाव्यात. वरून मोटेच्या जागा, आतलं पाणी सगळं दिसतं. नंतर लिंबलाच कृष्णेच्या पात्रातलं कोटेश्वराचं देऊळ आहे, वेळ उरला तर.

मोडीवाला:

विहिरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मुलगा चुकीचं साल पाठ करून येईल. ही विहीर १६४१ ते १६४६ मध्ये बांधली असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. ते शिलालेखातले शके आहेत. त्यांत ७८ मिळवा: १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या वीरूबाई शाहू छत्रपतींच्या परिवारातल्या, आणि शाहूंची कारकीर्द १७०८ नंतरची. १६४१ साली शिवाजी महाराज स्वतः अकरा वर्षांचे होते! बेरीज मुलाकडून तिथेच उभं राहून करून घ्या. लेख दारावर आहे.

घाटावरचा:

आणि बावधनचं कोणीच काढलं नाही? वाईपासून जवळच आहे. डिसेंबरात बगाड दिसणार नाही, ते रंगपंचमीला. पण भैरवनाथाचं देऊळ बघता येईल आणि गावात कोणत्याही कट्ट्यावर विचारलंत तरी लोक बगाडाचं भरभरून सांगतात. होळीच्या रात्री देवापुढे कौल लावून बगाड्या ठरतो. मग कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून भला मोठा लाकडी रथ बैलजोड्या लावून शेतांतून ओढत गावात आणतात आणि बगाड्या वर शिडाला टांगलेला असतो. शेतातून जाताना बैल बदलत राहतात. ज्याची जोडी जुंपली जाते त्याला तो मान वाटतो.

धागाकर्ती:

म्हसवं! आईला नाव वाचून दाखवलं तर म्हणाली, 'हेच, हेच.' तिकीट काढल्यापासून एवढी खूश झालेली पाहिली नव्हती.

तर असं ठरवतेय: पहिल्या दिवशी सकाळी वाईचे घाट आणि संध्याकाळी पुन्हा गणपती घाटावर नुसतं बसणं. दुसऱ्या दिवशी रिक्षानं मेणवली, तिथे चालणं, मग गाडीनं धोम. तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर म्हसवं, पुढे लिंब. बावधन दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, आईला दम असेल तरच. विहिरीची बेरीज मुलाला आत्ताच सांगून टाकली नाही, तिथेच करू.

एकच विचारायचं राहिलं. आमचा दुसरा दिवस रविवारी येतोय. मेणवली रविवारी टाळावी का?

घाटावरचा:

टाळाच. रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या महाबळेश्वरला जाता-येता मेणवलीत थांबतात आणि घाटावर टेकायला जागा राहत नाही. रविवारी सकाळी वाईचे घाट करा, सोमवारी मेणवली. आणि सोमवार असल्यानं मेणेश्वराला गावातलं कोणी ना कोणी पूजेला आलेलं असेल. जुनी माणसं भेटली तर आईंचं आजोळ सांगा, ओळख निघेलच.