जखमी जवानांची संस्था चालवायला निवृत्त अधिकारीच का?

सातारकर: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, की जखमी जवानांच्या संस्थेवर प्रमुख म्हणून निवृत्त अधिकारीच हवा, सिव्हिलियनला जवान कळत नाही. रात्रभर डोक्यातून जाईना. माझे दाजी हवालदार होते. सुरुंगात डावा पाय गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय झकास बसवून दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर ज्या संस्थेने नोकरीचा शब्द दिला, तिथल्या साहेबांसमोर दाजी खुर्चीवर टेकायलाही कचरायचे. साहेब विचारणार, ‘कोई तकलीफ?’ दाजी म्हणणार, ‘नहीं साब.’ रात्री दचकून उठतात हे साहेबांना कळणार कसं?

खडकीवाला: एका अनुभवावरून सगळ्या अधिकाऱ्यांना झोडपू नका. आमच्या खडकीचं पॅराप्लेजिक, म्हणजे मणक्याच्या इजेने लुळे पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र 1974 पासून उभं आहे. हात न हलणारे जवान तिथे तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. पेन्शनची फाइल कुठे अडलीय आणि कुणाचं दार ठोठवायचं, हे फौजेतल्यालाच कळतं. आणि इयान कार्डोझो? 1971 च्या युद्धात सुरुंगाने चिरडलेला पाय त्यांनी स्वतः खुकरीने कापला, पुढे बटालियन सांभाळली. तेही अधिकारीच होते ना?

सातारकर: होते. पण त्यांचा पाय गेला होता! मी तेच म्हणतोय. ज्याने सोसलंय त्याला बसवा, मग तो शिपाई का असेना.

नोकरीवाला: प्रमुख कोण यावर भांडताय, पण या संस्था नोकऱ्या कसल्या देतात ते बघा. सिक्युरिटी गार्ड! पंधरा वर्षं रडार दुरुस्त केलेला माणूस सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो.

खडकीवाला: कष्टाच्या कामाला हिणवू नका. माझे वडील गेटवरच होते, त्यावर आम्ही तिघं शिकलो.

नोकरीवाला: वडिलांना नमस्कार. पण बारा तास उभं राहायचं काम पाय गेलेल्याला द्यायचं? मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं. त्यांना टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी मिळाली, म्हणजे कारखाने देऊ शकतात. मागायला मात्र कारखान्यांत ओळख असलेला माणूस लागतो, आणि तो सिव्हिलियनच असणार.

खडकीवाला: बरं, नोकऱ्या शोधायला सिव्हिलियन ठेवा. खुर्ची मात्र फौजेकडेच हवी.

जवानाची बायको: नऊ वर्षं मी यांची कूस बदलतेय. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. तीन संस्थांचे प्रमुख घरी येऊन गेले, एक अधिकारी, दोन सिव्हिलियन. तिघांनी यांच्याबरोबर फोटो काढला. तू कधी झोपतेस, हे एकानेही विचारलं नाही.

सातारकर: ताई, माझ्या बहिणीलाही मी हे कधी विचारलं नाही. आज फोन करतो.