गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिक फाटलं: बदललंत, शिवलंत, की काढून टाकलंत?

गौरी-गणपती विसर्जन करून कोकणातून परत येत होतो. संगमेश्वरच्या आसपास रस्त्याचं काम चाललेलं. डायव्हर्जनवरून वर चढताना पुढून 'खर्रर्र' झालं आणि मग ४० च्या वर वेग गेला की पोटाखाली कुणीतरी पत्रावळ फडफडवतंय असा आवाज. चिखलात गुडघे टेकून मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तर इंजिनाखालचं काळं प्लास्टिक डावीकडून सुटून जिभेसारखं लोंबत होतं. डिकीतल्या नारळाच्या पोत्याची सुतळी सोडली आणि ते वर बांधलं. "दोन गाठी मार रे," आईने काच खाली करून सांगितलं. त्या दोन गाठींवर कुंभार्ली घाट चढून पुण्याला पोचलो.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट ३,४०० रुपये, लेबर वेगळं. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, "काढून फेका साहेब, निम्म्या गाड्यांना नसतंच." दोघेही ठाम. ह्याला कुणी स्प्लॅश शील्ड म्हणतं, कुणी अंडर कव्हर, कुणी नुसतंच 'खालचं प्लास्टिक'. तुमच्या गाडीचं तुटलं तेव्हा काय केलंत, किती खर्च आला आणि पुढे काय झालं, ते लिहा. सल्ल्यापेक्षा अनुभव हवेत.

भिजकी_मुंबई
काढून फेकलं होतं, २०१९ च्या मे महिन्यात. जूनपर्यंत मजेत. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलं की इंजिनाचा बेल्ट चीं-चीं करायचा, स्टेअरिंग क्षणभर जड व्हायचं, मग सुकलं की सगळं ठीक. मी दुर्लक्ष केलं. दिवाळीच्या आधी अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो, ह्याच बेल्टवर फिरतो) बेअरिंग घुरघुरायला लागलं. कव्हर नसल्यामुळेच गेलं असं शपथेवर सांगणार नाही, गाडी नऊ वर्षांची होती. पण मेकॅनिकने बेल्टच्या कव्हरवरचा चिखल बोटाने खरवडून दाखवला तेव्हा गप्प बसले. नंतर कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुनं कव्हर ६०० रुपयांत आणलं. त्याच्या दोन कानांपैकी (बोल्ट बसतो ती टोकं) एक तुटका निघाला, तो भाग वेगळा.

ऊन_वारा_वर्धा
भाऊ, आमच्या इकडे चार वर्षं झाली बिनाकव्हरची गाडी चालवून राहिलो. काही झालं नाही. एसी तसाच, अ‍ॅव्हरेज तसंच. आवाज थोडा वाढला म्हणते बायको, पण तिला माझ्या घोरण्याचाही वाढला वाटते. तुमच्याकडे चार महिने खालून पाणी, आमच्याकडे आठ महिने वरून ऊन. एकच उत्तर दोघांना कसं चालेल?

सोल्डरवाली
मी शिवलं. म्हणजे अक्षरशः.

आधी घरातला अराल्डाइट लावला, रात्रभर वजन ठेवलं. सकाळी हात लावला तर पापुद्रा निघावा तसा सोलून आला. मग कव्हर उलटं करून पाहिलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पीपी' असा छाप होता. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ह्याला साधा गोंद धरतच नाही. डबे-बादल्यांचं प्लास्टिक ज्यांनी चिकटवायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल. मग हे केलं: भेग जिथे संपते तिथे ड्रिलने लहानसं भोक, म्हणजे ती पुढे पळत नाही. भेगेच्या दोन्ही कडांना बोटभर अंतरावर भोकं पाडून केबल टाय ओवले, आणि सोल्डरिंग गनच्या टोकाने दोन्ही कडा वितळवून एकमेकींत मिसळल्या. वास भयंकर येतो, गच्चीतच करा. बोल्टचं भोक फाटून मोठं झालं होतं तिथे रुंद वॉशर टाकला. सगळ्या उद्योगाला ९० रुपये आणि एक रविवार. दोन पावसाळे झाले, शाबूत आहे. दिसायला आमच्या आजीच्या गोधडीसारखं दिसतं, पण गाडीखाली वाकून बघणार कोण?

हिशेबी
इन्शुरन्सचा विषय कुणी काढायच्या आत लिहितो. प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. ३,४०० चे राहिले १,७००. गाडी १५०० सीसीपर्यंत असेल तर सक्तीची वजावट १,०००. पार्टपोटी हातात ७००, लेबरचं जे काय मिळेल ते वर. आणि त्यासाठी नो क्लेम बोनस शून्यावर. मी पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्के बोनस असल्याच क्लेममध्ये घालवला आहे. पुढच्या नूतनीकरणाचा आकडा पाहून चहा गार झाला. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असलं तरी वजावट आणि बोनसचं तेच. त्याच धडकेत बंपर, एसीचा कंडेन्सर वगैरे गेलं असेल तर मात्र कव्हर विसरू नका, सर्व्हेअरला गाडी रॅम्पवर चढवून दाखवा.

जर्सीकर
न्यू जर्सीत खड्ड्यांपेक्षा पार्किंगमधले काँक्रीटचे ठोकळे वाईट. नाक आत घालून गाडी लावताना काही कळत नाही, रिव्हर्स घेताना बंपरची खालची कड ठोकळ्यात अडकते आणि कव्हर सोलून निघतं. माझं असंच निघालं. तात्पुरतं बांधून हायवेला गेलो ती चूक. ६५ मैलांच्या वेगाला वारा पुढच्या कडेत शिरला, केबल टाय तुटला आणि तो तुकडा पुढच्या चाकाला घासत राहिला. जळक्या रबराचा वास आल्यावर थांबलो. मागच्या गाडीवर उडून गेला असता तर? तेव्हा बदलायचं की नाही ते सावकाश ठरवा, पण लोंबतं ठेवून चालवू नका. नवीन मी बसवलंच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून इंजिनाच्या बोल्टांवर बसलेलं परवडत नाही.

अवांतर: दर ऑइल चेंजनंतर एखादा स्क्रू गायब असतो. आता गाडी ताब्यात घेताना मोजतो.

चिऱ्याचा_रस्ता
सावंतवाडीजवळच्या आमच्या वाडीत जांभ्याचे दगड वर आलेले, म्हणून प्लास्टिकच्या जागी लोखंडी गार्ड टाकलं. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर एकदा नक्की वाचला, ठणका अजून कानात आहे. पण गार्डात चिखल आणि पानं साठतात, ऑइल बदलताना आधी ते धूड उतरवावं लागतं, आणि एक बोल्ट सैल झाला की मंदिरातल्या घंटेसारखं वाजतं. शहरात फिरणाऱ्याने ह्या फंदात पडू नये.

पिटातला_माणूस
माझं छोटं गॅरेज आहे म्हणून लिहितो. 'कव्हर' म्हटलं तरी खाली तीन-चार वेगळे तुकडे असतात. बंपरच्या लगेच मागचा तुकडा हवा रेडिएटरकडे वळवतो, तो टाकून देऊ नका. बेल्टच्या बाजूचा, चाकाच्या आतला तुकडा पाणी अडवतो, तोही पाहिजे. उरलेल्या मधल्या तुकड्यावर वाद घाला. वर्ध्याच्या भाऊंचा कुठला गेलाय ते त्यांनाही ठाऊक नसेल, राग मानू नये.

गिऱ्हाईक फाटलेलं कव्हर बघतं खालून. मी काढल्यावर आधी वरच्या बाजूने हात फिरवतो. ऑइल थेंब-थेंब गळत असेल तर ते कव्हरवरच साठतं, पार्किंगमध्ये डाग पडत नाही, मालकाला पत्ता लागत नाही. हात काळा-चिकट झाला तर कव्हरचं नंतर, आधी गळती.

आणि क्लिपा. निम्म्या वेळा कव्हर चांगलं असतं, २० रुपयांच्या क्लिपा गेलेल्या असतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल पिटवर चढवली. मधला तुकडा सोल्डरवाली ताईंच्या पद्धतीने शिवण्यासारखा होता, पण बेल्टकडचा कान मुळापासून गेलेला. नाना पेठेतून तेवढाच तुकडा ११०० ला मिळाला, क्लिपा सहा. मधला केबल टायवर.

पिटातल्या माणसाचं ऐकून वरून हात फिरवला. कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत काळा. मागच्या सर्व्हिसला ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या बुचाचा) वॉशर बदललाच नव्हता. तो बदलला, २५ रुपये. डिपस्टिक पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. त्याच अवस्थेत घाट चढून आलो होतो.

सुतळी सोडायला गेलो तर गाठी सुटेनात. कापल्या. आईला सांगितलेलं नाही.