लिलीची पानं खालून पिवळी होऊन गळतायत

प्रश्न: कुंडीतल्या एशियाटिक लिलीची पानं खालून एकेक पिवळी पडून गळतायत, शेंडा हिरवा आहे, कळ्या पण आल्यात. पाणी रोज घालते. खत कमी पडतंय का? बघून जीव तुटतो.

उत्तर: ताई, खत आत्ता नको, रोजचं पाणीच नडतंय बहुतेक. दोन पेरं बोट मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नको. तरी गळत राहिली तर बाजूची माती उकरून कांदा दाबून बघा, घट्ट असेल तर ठीक, मऊ लागला आणि कुबट वास आला तर कूज, मग कुजका भाग काढून नव्या भुसभुशीत मातीत लावायचा.

उत्तर: पानांवर तपकिरी लंबगोल डाग आहेत का? बोट्रायटिस बुरशी पण खालूनच वर चढते. तशी पानं तोडून लांब टाका, पाणी सकाळी, फक्त मुळाशी.

प्रश्नकर्ती: डाग नाहीत. पण कुंडी उचलली तर खालचं भोक मातीनं पूर्ण बुजलेलं!

उत्तर: सापडलं मग! काडीनं मोकळं करा. आणि फुलं झाल्यावर पानं पिवळी पडणारच, तेव्हा हिरवा दांडा कापू नका, कांदा त्याच्यावरच पोसतो.