ड्रम सँडरचा भुसा: ब्लोअर मोठा घ्यायचा की हूड सुधारायचा?

कानस
ड्रम सँडर, म्हणजे सँडपेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमने फळी घासणारं मशीन, वर्कशॉपभर भुसा उडवतो अशी तक्रार कुणी केली की सल्ला ठरलेला: दोन एचपीचा ब्लोअर (भुसा ओढून घेणारा पंखा) काढा, तीनचा बसवा. माझं मत उलटं आहे. आधी ड्रमवरचं झाकण, म्हणजे हूड, उघडून बघा. खिशात हात नंतर घाला.

लहान सँडरच्या हूडला भुसा ओढायचा पाइप जोडायला बहुधा चार इंची तोंड असतं. भुसा पाइपात न साचता वाहायचा तर हवेला मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास वेग लागतो. त्या वेगाने चार इंची पाइपातून जेमतेम ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते, सहा इंचीतून ७८५. ब्लोअरच्या पाटीवर १,५०० छापलेलं असलं म्हणून काय झालं? मोठी मोटर थोडी जास्त खेचेल, पण अरुंद तोंड आणि वळ्यावळ्यांचा होज, म्हणजे लवचिक पाइप, मध्ये आहेच.

दुसरं, ड्रम फळीच्या उलट दिशेने फिरतो. भुसा फळी आत शिरते त्या बाजूला उडतो, हूडच्या आतून वर चढतो. तोंडाशी सगळा सुटत नाही. उरलेला ड्रमलगतच्या हवेबरोबर गरगरत पलीकडे उतरतो, थेट नुकत्याच घासलेल्या फळीवर. ड्रम फिरतो त्या दिशेने तोंडाच्या लगेच पुढे, हूडच्या आत, ड्रमपासून पाच-सहा मिलिमीटरवर एक आडवी पट्टी बसवा. ती ही हवा तोडते आणि भुसा तोंडाकडे वळतो.

तीन_फेज
गणित बरोबर, निष्कर्ष अर्धवट. खरा घोळ पिशवीत आहे. स्वस्त ब्लोअरची भुसा गाळणारी कापडी पिशवी ३० मायक्रॉनची, त्याहून बारीक कण तिच्यातून निसटतात. सँडरचा भुसा रंध्यासारखा जाडा नसतो, पिठूळ असतो. हूडमधून तुम्ही तो शंभर टक्के ओढलात तरी पिशवी तोच बारीक भुसा परत खोलीत सोडणार. एक मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर लावा. तो भरत आला की हवा अडते, म्हणून मोटरही ताकदीची हवी. शेवटी ब्लोअर मोठाच लागतो.

गिरमिट
काय राव, एवढा खटाटोप! शेड तिन्ही बाजूंनी उघडी, भिंतीत एक्झॉस्ट, तोंडाला एन-९५. आमचे मिस्त्री वर्षानुवर्षं असंच काम करतात. सहा इंची पाइप आणि कार्ट्रिजच्या पैशात दुसरं मशीन येईल.

सागवेडा
@गिरमिट, मिस्त्री मास्क कधी काढतात? मशीन बंद झाल्यावर, चहाला. नेमका तेव्हाच डोळ्यांना न दिसणारा भुसा हवेत तरंगत असतो, आणि तो तासन् तास खाली बसत नाही. लाकडाचा भुसा कर्करोगकारक, पहिल्या म्हणजे खात्रीच्या गटातला, असं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९५ सालीच जाहीर केलंय. नाकाच्या आतला कर्करोग त्यातला मुख्य. सागाच्या भुशाने मनगटाला, मानेला पुरळ येतं ते वेगळंच. मास्क हवाच, पण भुसा ओढून घेतल्यावर उरेल तेवढ्यासाठी.

गिरमिट
पुरळाचं मान्य. आमच्याकडे एकाने सागाचं काम सोडलंच.

पटाशी
मी जुन्या वाड्यांचं सागवान घेतो, तुळया आणि कड्या. कानसभाऊंच्या पट्टीवर माझा आक्षेप आहे. ड्रमवरचा सँडपेपर गरम झाला की सैल पडतो, कडा उचलते आणि पट्टीत अडकून चिंध्या होतात. त्यात असल्या लाकडात कुठेतरी तुटका खिळा निघतोच. ड्रमला लागला की ठिणगी, आणि तुमची ती जोरदार हवा ठिणगी थेट पिशवीत नेणार. बारीक कोरडा भुसा आणि ठिणगी, पुढचं सांगायला नको. मी तर म्हणतो, जुन्या लाकडाला ओढ कमीच बरी.

कानस
@पटाशी, ओढ कमी केली की पेपरात भुसा भरतो, पेपर तापतो आणि फळीवर काळे पट्टे उठतात. पेपर सैल पडतो तोही तापूनच. त्यापेक्षा आधी फळीवरून मेटल डिटेक्टर फिरवा, पिशवीआधी पत्र्याचा झाकणबंद ड्रम ठेवा आणि संध्याकाळी तो रिकामा करून भुसा शेडबाहेर टाका. पट्टी मात्र लोखंडाची नको, प्लायची घ्या. तिने ठिणगी पडत नाही.

@तीन_फेज, फिल्टरचं शंभर टक्के मान्य. पण फिल्टर म्हणजे एचपी नव्हे. फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवा, अडथळा आपोआप कमी होतो. आणि एक टेस्ट करा: रात्री दिवे घालवून टॉर्च हूडच्या कडेला आडवा धरा. भुसा कुठून निसटतो ते झोतात स्पष्ट दिसतं. बहुतेकदा फळी बाहेर येते त्या बाजूने.

सागवेडा
तसं दिसलं म्हणून सगळ्या फटी फोमने बुजवू नका हं. ब्लोअरला आत यायला हवा लागते. आत येणार नाही तर भुसा घेऊन बाहेर काय जाणार? फळी आत जाते तिकडची फट मोकळी ठेवा.

तीन_फेज
टॉर्च लावून बघतो. पण तोंड कापून सहा इंची करणार नाही, मशीन वॉरंटीत आहे. आणि माझी बोली अजून तीन एचपीवरच.

कानस
मग कापू नका. वॉरंटी संपली की शेजारी दुसरं चार इंची तोंड पाडा आणि वाय (दोन पाइप एकात मिळवणारा जोड) लावून दोन्ही सहा इंची लाइनला घ्या. तोपर्यंत होज हातभर ठेवा, पुढे ब्लोअरपर्यंत गुळगुळीत पीव्हीसी. मोटर त्यानंतर ठरवू.